अमेरिकेतील विद्यापीठ पोलीस : त्यांच्या सेवा कोणत्या आणि त्या कशा वापराव्यात

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस खाते असते, ही गोष्ट महाराष्ट्रातून शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा तिथे पोहोचल्यावरच कळते, आणि कळली तरी ‘आपला पोलिसांशी काय संबंध’ असे म्हणून ती बाजूला पडते. आपल्याकडे विद्यापीठाच्या आवारात दिसतो तो सुरक्षारक्षक. काही गुन्हा घडलाच, तर तक्रार घेऊन ज्याच्या हद्दीत आवार येते त्या पोलीस ठाण्यात जावे लागते. तिथे ठाणेच विद्यापीठाचे असते, त्याचा नियंत्रण कक्ष चोवीस तास चालू असतो, आणि त्या खात्याच्या रोजच्या कामाचा मोठा भाग गुन्हेगार पकडण्याचा नसून रात्री सोबत देणे, सायकलींची नोंदणी करणे, हरवलेल्या वस्तू सांभाळणे, प्रशिक्षणवर्ग घेणे आणि कुणाच्या खुशालीची चौकशी करून येणे, असा असतो. यातील बहुतेक सेवा विनामूल्य असतात. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यालाही त्यांवर इतरांइतकाच हक्क असतो, आणि त्याच्यासोबत आलेल्या पती-पत्नीलाही आवारात त्या मागता येतात. अडचण आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात या खात्याशी ओळख करून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

हे पोलीस खरे पोलीस असतात का?

बहुतेक ठिकाणी होय. अमेरिकेतील विद्यापीठ पोलिसांची सुरुवात १८९४ साली येल विद्यापीठात झाली, असे सामान्यतः मानले जाते. न्यू हेवन शहराच्या पोलीस दलातील दोन शिपाई त्या वर्षी विद्यापीठाच्या आवारासाठी नेमले गेले. आज बहुतेक सरकारी विद्यापीठांतील अधिकारी राज्याच्या कायद्यानुसार शपथ घेतलेले, शस्त्र बाळगणारे आणि अटकेचा अधिकार असलेले असतात. खासगी विद्यापीठांत मात्र चित्र एकसारखे नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाकडे सुरक्षा विभाग आहे, स्वतःचे पोलीस नाहीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला स्वतःचे पोलीस दल उभारण्यासाठी २०१९ साली मेरीलँड राज्याकडून वेगळा कायदा करून घ्यावा लागला. केवळ नावावरूनही अंदाज बांधू नये, कारण सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विभागाच्या नावात ‘पोलीस’ हा शब्द नाही, तरीही त्यातील अधिकाऱ्यांकडे शस्त्र आणि अटकेचा अधिकार असतो. आपल्या विद्यापीठात नेमके काय आहे, हे विभागाच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले असते, आणि प्रवेश पक्का होताच ते वाचून घ्यावे. गुन्ह्याची अधिकृत नोंद कोण करणार, विद्यापीठ की शहर पोलीस, हे त्यावरच ठरते.

जाण्यापूर्वी : सुरक्षा अहवाल कसा वाचावा

एप्रिल १९८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील लिहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर तिच्याच खोलीत अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. आपोआप बंद होणारी दारे कुणीतरी अडकवून उघडी ठेवली होती, आणि मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तिच्या आईवडिलांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९९० साली अमेरिकी संसदेने जो कायदा केला, तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो. या कायद्यामुळे, सरकारी आर्थिक साहाय्य योजनांत सहभागी असलेल्या प्रत्येक विद्यापीठाला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांच्या गुन्ह्यांची आकडेवारी असलेला अहवाल जाहीर करावा लागतो. ज्यांचे पोलीस किंवा सुरक्षा खाते आहे, त्यांना रोजची गुन्हेनोंदही ठेवावी लागते. तिच्यातील शेवटच्या ६० दिवसांचा भाग कार्यालयीन वेळेत कोणालाही पाहता येतो, विद्यार्थी असण्याचीही अट नाही. नागपुरात बसलेल्या पालकांनाही हा अहवाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचता येतो.

तो वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ही आकडेवारी आवार, आवाराला लागून असलेले सार्वजनिक रस्ते आणि विद्यापीठाच्या ताब्यातील इतर जागा यांपुरतीच असते. आपल्याकडून पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणारे बहुसंख्य विद्यार्थी भाडे परवडावे म्हणून आवाराबाहेर तीन-चार जणांत घर घेतात, आणि त्या गल्लीत काय घडते याचा या अहवालात मागमूसही नसतो. म्हणून घराचा करार करण्यापूर्वी शहर पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा पाहावा, आणि ते घर विद्यापीठ पोलिसांच्या गस्तीच्या हद्दीत येते का, हे विद्यापीठ पोलिसांना ईमेल करून विचारावे. काही विद्यापीठांत ही हद्द आवाराबाहेरही काही रस्त्यांपर्यंत असते, आणि भाड्यात थोडाच फरक असेल तर हद्दीतले घर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या आठवड्यात करायची कामे

सर्वांत आधी धोक्याच्या सूचना देणाऱ्या यंत्रणेत आपला फोन नंबर घालावा. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास झाला आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला तो साडेनऊच्या सुमारास. त्या अनुभवानंतर २००८ साली जीन क्लेरीच्या नावाच्या त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन तातडीची सूचना लगेच देणे विद्यापीठांवर बंधनकारक झाले. ही सूचना फोनवर संदेशाने येते, पण आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक अडचण हमखास होते : प्रवेशाच्या अर्जात भारतातला नंबर दिलेला असतो आणि तोच यंत्रणेत राहतो. अमेरिकेतले सिम घेतले की त्याच दिवशी विद्यार्थी-खात्यात जाऊन नंबर बदलावा आणि संदेश मिळण्याची सोय चालू आहे का, हे तपासावे.

त्यानंतर विद्यापीठ पोलिसांचा साधा दहा आकडी नंबर फोनमध्ये साठवावा, तो ‘+१’ लावून घरच्यांनाही पाठवावा, आणि विद्यापीठाचे सुरक्षा ॲप असेल तर ते घ्यावे. अशा अनेक ॲप्समध्ये आपण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात असताना मित्राला आपली जागा दिसत राहील, अशी सोय असते.

सायकल घेतली असेल तर तिची नोंदणी करावी. सायकलच्या सांगाड्यावर, बहुधा पेडलच्या आसाच्या खालच्या बाजूला, एक क्रमांक कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढावा, संपूर्ण सायकलचाही काढावा, आणि नोंदणी केल्यावर मिळणारा स्टिकर दिसेल असा चिकटवावा. चोरीची सायकल सापडली तरी ती कोणाची हे कळले नाही तर ती परत मिळत नाही, म्हणून या पाच मिनिटांच्या कामाला महत्त्व आहे. तारेचे कुलूप कटरने सहज तुटते. इंग्रजी ‘यू’ आकाराचे पोलादी कुलूप घ्यावे आणि त्यात केवळ चाक न अडकवता सांगाडा आणि चाक दोन्ही स्टँडला बांधावे. काही पोलीस खाती अशी कुलपे सवलतीत देतात. लॅपटॉपचा अनुक्रमांकही याच वेळी लिहून ठेवावा.

९११ केव्हा आणि साधा नंबर केव्हा

जिवाला धोका, आग, मारामारी, अपघात, घडत असलेला गुन्हा किंवा कुणी बेशुद्ध पडणे, यासाठी ९११ हा अमेरिकेतील तातडीच्या मदतीचा क्रमांक. सायकल सकाळी चोरीला गेल्याचे संध्याकाळी लक्षात आले, शेजारी रात्री दोन वाजता मोठ्याने गाणी लावतो, खोलीत किल्ली विसरून दार लागले, यासाठी साधा नंबर. नक्की कळत नसेल तर ९११ लावावा. त्यासाठी कोणी रागावत नाही.

मोबाइलवरून लावलेला ९११ बहुधा शहराच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कक्षात जातो आणि तिथून विद्यापीठाकडे वळवला जातो, तर अनेक विद्यापीठांत आवारातल्या दूरध्वनीवरून लावलेला फोन थेट विद्यापीठ पोलिसांकडे पोहोचतो. त्यामुळे पहिले वाक्य ठिकाणाचे असावे : विद्यापीठाचे नाव, इमारतीचे अधिकृत नाव, मजला, खोली. ‘त्या मोठ्या ग्रंथालयाच्या मागे’ असा आपल्या सवयीचा पत्ता तिथे उपयोगी पडत नाही. घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव लागते, आणि ते पाठ असावे. इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषी मागावा. भारताचा ९१ लावताना चुकून ९११ लागला, तर घाबरून फोन ठेवू नये. चुकून लागला असे शांतपणे सांगावे, नाहीतर कक्ष उलट फोन करतो किंवा चौकशीला गाडी पाठवतो.

आवारात निळा दिवा असलेले उंच खांब दिसतात. त्यावरचे बटण दाबले की नियंत्रण कक्षाशी थेट बोलता येते आणि आपण कोणत्या खांबाशी आहोत हे कक्षाला आपोआप कळते, म्हणून बोलता आले नाही तरी मदत येते. आता सर्वांच्या हाती मोबाइल असल्याने काही विद्यापीठांनी हे खांब काढून टाकले आहेत. आपल्याकडे ते आहेत का, हे दिवसा चालताना पाहून ठेवावे.

रात्रीची सोबत

प्रयोगशाळेतून किंवा ग्रंथालयातून उशिरा निघणाऱ्यांना माझ्या मते ही सर्वांत उपयोगी सेवा आहे, आणि आपले विद्यार्थी संकोचापोटी ती सर्वांत कमी वापरतात. ठरलेल्या नंबरवर फोन करून किंवा ॲपवर मागणी करून आपण कुठे आहोत आणि कुठे जायचे ते सांगायचे. थोड्या वेळात ओळखपत्र आणि रेडिओ असलेली व्यक्ती येते आणि घरापर्यंत, वसतिगृहापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत सोबत चालते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘बेअरवॉक’ या नावाने ही सेवा चालते आणि सोबतीला येतात ते पोलीस खात्यात काम करणारे विद्यार्थीच असतात. ही सेवा केवळ मुलींसाठी नसते, आणि कारणही विचारले जात नाही. मागणी करताना इमारतीच्या आतच थांबावे, सोबती आल्यावर त्याचे ओळखपत्र पाहावे, आणि गर्दीच्या वेळी वाट पाहावी लागते हे धरून निघण्याच्या थोडे आधीच फोन करावा. सेवेच्या वेळा आणि अंतराची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. आवाराबाहेरचे आपले घर त्यात बसते का, हे आधी विचारून घ्यावे.

चोरी झाली किंवा पासपोर्ट हरवला तर

घटना आवारात घडली असेल तर विद्यापीठ पोलीस, बाहेर घडली असेल तर शहर पोलीस; शंका असेल तर विद्यापीठ पोलिसांना फोन करावा, ते योग्य जागी पोहोचवतात. अधिकारी आपण असू तिथे येतो, काय घडले ते विचारतो आणि घटनेची नोंद करतो. आपल्याकडच्या एफआयआरसारखा सही-शिक्क्याचा कागद तिथेच हाती पडत नाही. अधिकाऱ्याचे नाव आणि प्रकरण क्रमांक लिहिलेले छोटे कार्ड बहुधा मिळते. ते जपावे, कारण पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकावर होते. अहवालाची प्रत काही दिवसांनी खात्याच्या अभिलेख विभागातून मागून घ्यावी. भाडेकरूचा विमा घेतला असेल तर चोरीच्या दाव्यासाठी हाच क्रमांक लागतो.

पासपोर्ट हरवल्यास भारतीय वकिलातीकडून नवा मिळवण्यासाठी पोलीस अहवाल जोडावा लागतो. नोंद होत असताना नावाचे स्पेलिंग पासपोर्टवर होते तसेच, आणि पासपोर्ट क्रमांक, हे दोन्ही अहवालात आले आहे का ते तिथेच तपासावे. वडिलांचे नाव मधल्या नावाच्या जागी येते, आडनाव आणि नाव उलटसुलट होते, आणि मग दुरुस्तीसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात. अहवाल करण्यापूर्वी हरवलेल्या वस्तूंच्या विभागातही विचारावे. बसमध्ये किंवा वर्गात राहिलेली पाकिटे आणि ओळखपत्रे बरेचदा तिथेच येऊन पडलेली असतात.

काही खाती बोटांचे ठसेही घेऊन देतात, अल्प शुल्कात. पुढे कॅनडात स्थायिक होण्याचा अर्ज करणाऱ्यांना एफबीआयचा दाखला मागितला जातो, तेव्हा ही सोय कामी येते.

फोडणी, दिवाळी आणि गणपती

विद्यापीठाच्या घरात मोहरी-हिंगाची फोडणी जरा जास्त तापली की छतावरचा धूरसूचक वाजू लागतो, आणि अनेक इमारतींत त्याची सूचना थेट नियंत्रण कक्षात जाऊन अग्निशमन दलाची गाडी व विद्यापीठ पोलीस दोन्ही येतात. स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवावा, खिडकी उघडावी, तेल धुराला येऊ देऊ नये. धूरसूचक वाजला तर गॅस किंवा शेगडी बंद करून बाहेर पडावे आणि आलेल्या माणसाला खरे कारण सांगावे. धूरसूचकावर प्लास्टिकची पिशवी बांधणे ही काही घरांत दिसणारी युक्ती धोक्याची तर आहेच, शिवाय ती सापडली तर मोठा दंड होतो आणि घरही जाऊ शकते.

वसतिगृहात पणती लावणे, आवारात फटाके उडवणे यांवर बहुतेक ठिकाणी बंदी असते. विद्यार्थी मंडळाला गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम करायचा असेल, तर सभागृह आरक्षित करतानाच आरती, होम किंवा दिव्यांचा उल्लेख करावा. निरांजनासाठी अग्निसुरक्षा विभागाकडून लेखी परवानगी मिळू शकते, आणि मिरवणूक किंवा मोठी गर्दी असेल तर पोलीस खाते बंदोबस्ताची गरज ठरवून त्याचा खर्च आधी कळवते. ही विचारणा काही आठवडे आधी करावी.

पोलिसांनी गाडी थांबवली तर

आपल्याकडे वाहतूक पोलिसाने थांबवले की उतरून त्याच्याकडे चालत जाण्याची पद्धत आहे. तिथे हे कधीही करू नये. गाडी उजव्या कडेला घ्यावी, बंद करावी, काच खाली करावी आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून बसून राहावे. परवाना किंवा कागद काढण्यासाठी खिशात वा कप्प्यात हात घालण्यापूर्वी तसे सांगावे. दंड मान्य नसेल तर वाद रस्त्यावर घालू नये. पावतीवर दिलेल्या मुदतीत त्याविरुद्ध दाद मागता येते. ‘इथेच मिटवू’ असा नुसता सूर लागला तरी तो लाच देण्याचा प्रयत्न ठरू शकतो आणि तो गंभीर गुन्हा आहे.

व्हिसा, तोतया फोन आणि पोलीस

तक्रारदार किंवा साक्षीदार म्हणून पोलिसांकडे जाणे हा एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या अटींचा भंग नाही. तरीही भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. २०२५ साली फ्लोरिडातील काही सरकारी विद्यापीठांच्या पोलिसांनी स्थलांतर विभागाशी सहकार्याचे करार केले, आणि त्याच वर्षी वसंत ऋतूत देशभरातील अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारकडील विद्यार्थी-नोंदी रद्द झाल्या. त्यांतील अनेकांचा पोलिसांशी आलेला संबंध अगदी किरकोळ होता. त्यातील बऱ्याच नोंदी पुढे पूर्ववत झाल्या. म्हणून आपल्याच विरुद्ध काही आरोप असेल, दुकानातून वस्तू उचलल्याचा असो की दारू पिऊन गाडी चालवल्याचा, तर नाव-पत्ता खरा सांगावा, खोटे काही बोलू नये, पुढील प्रश्नांपूर्वी वकील मागावा, आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा-सहायता केंद्राला व परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लगेच गाठावे. व्हिसाच्या अर्जात अटक झाली होती का, हा प्रश्न असतो, आणि खटला मागे घेतला गेला तरी त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते.

‘तुमच्या व्हिसात गडबड आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल’ असे सांगणारे फोन भारतीय विद्यार्थ्यांना सातत्याने येतात, आणि फोनवर दिसणारा नंबरही खऱ्या सरकारी कार्यालयाचा भासवता येतो. कोणतेही सरकारी खाते गिफ्ट कार्डांच्या रूपात दंड घेत नाही. फोन ठेवावा आणि विद्यापीठ पोलिसांच्या साध्या नंबरवर विचारावे. असे फोन ते रोज हाताळतात.

लैंगिक अत्याचार, पाठलाग किंवा घरातील मारहाण यांत पोलिसांत तक्रार करायची की नाही, हा निर्णय पीडित व्यक्तीचा असतो. तक्रार न करताही रुग्णालयात न्यायवैद्यक तपासणी विनाशुल्क करून घेता येते. कोणाकडे बोललेले गोपनीय राहील आणि कोणाला ते विद्यापीठाला कळवावेच लागेल, हे समुपदेशन केंद्रात आधी विचारावे. संरक्षणाचा न्यायालयीन आदेश मिळवण्यात विद्यापीठ पोलीस मदत करतात, आणि पतीच्या व्हिसावर आलेल्या पत्नीलाही ती मागता येते.

घरच्यांसाठी : खुशालीची चौकशी

मुलाचा किंवा मुलीचा फोन लागत नाही, संदेशाला उत्तर नाही, अशा वेळी पालकांना विद्यापीठ पोलिसांना सांगून खोलीवर जाऊन पाहायला लावता येते. आधी वेळ पाहावी : न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, कॅलिफोर्निया आणखी तीन तास मागे. खोलीतल्या सोबत्यांना विचारावे. तरीही काळजी वाटत असेल तर संकोच न करता फोन करावा. भारतातून ९११ लावून तिथली मदत मिळत नाही. त्यासाठीच तो दहा आकडी नंबर आधी मागून ठेवायचा.

फोनवर सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : पासपोर्टवरील पूर्ण नाव, जन्मतारीख, इमारत व खोली किंवा पूर्ण पत्ता, फोन नंबर, शेवटचे बोलणे केव्हा झाले, आणि काळजीचे नेमके कारण. आजार, औषधे किंवा मनःस्थिती याबद्दल काही लपवू नये. दारावर येणारा अधिकारी सशस्त्र असतो, आणि आतील व्यक्ती घाबरलेली किंवा निराश आहे हे आधी माहीत असेल तर तो त्या तयारीने जातो. काही विद्यापीठांत अशा वेळी समुपदेशकही बरोबर पाठवतात. स्वतः विद्यार्थ्याला मनाचा भार असह्य झाला तर अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. ही सेवा जुलै २०२२ पासून या नंबरवर आहे.

अधिकारी भेटून आल्यावर पालकांना बहुधा एवढेच सांगतो की भेट झाली, सुखरूप आहे, घरी फोन करायला सांगितले आहे. अठरा वर्षांवरील विद्यार्थी कायद्याने प्रौढ असल्याने त्याच्या संमतीशिवाय अधिक तपशील मिळेलच असे नाही, आणि त्यावरून अधिकाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही. घर आवाराबाहेर असेल तर कक्ष शहर पोलिसांचा नंबर देतो, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सर्व सांगावे लागते. दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याचे नाव आणि नोंदीचा क्रमांक विचारून लिहून घ्यावा, म्हणजे तासाभराने पुन्हा फोन केल्यावर तोच धागा पुढे चालू राहतो.